भरल्या गाडीचा झोत

भिंतीसमोर गाडी आणून उभी केली की माझी वहिनी आधी दिव्यांकडं बघत नाही. ती चालवणाऱ्याला विचारते, "अंधार पडेल तेव्हा गाडीत काय काय असेल?"

नवखा माणूस गोंधळतो. आत्ता गाडीत काय आहे ते तो सांगायला लागतो. मग वहिनी त्याला मध्येच तोडते, "आत्ताचं मला दिसतंय. मी अंधाराचं विचारतेय." माझी खाणावळ त्या भिंतीला लागूनच आहे, त्यामुळं तव्यावरची टॉर्टिया उलटता उलटता हा प्रश्न मी गेली चौदा वर्षं ऐकते आहे. आणि दर वेळी उत्तर ऐकायचं नसल्यासारखी तवा खडखडवते. का, ते पुढं येईलच.

वहिनीचं नाव लिब्राडा सेसेन्या. वय त्रेसष्ट, वजन भिजलेली असताना पंचेचाळीस किलो. मी तिची नणंद, ओतीलिया. माझं वजन सांगत नाही, पण माझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं तर ते तिच्यात हरवतं. आमचं गाव, आग्वा एस्कोंदिदा, मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आहे. डांबरी रस्त्यापर्यंत साठ किलोमीटर कच्चा रस्ता, त्यात दगड, वाळू आणि पिठासारखी मऊ धूळ. इथं प्रत्येकाची गाडी उंच चाकांची आणि प्रत्येकाच्या गाडीला चार दिवे जास्तीचे. दिवे सरळ करून घ्यायला सगळे वहिनीकडं येतात.

पूर्वी इथं मिठाचं गोदाम होतं. त्याची एकच भिंत उरली आहे. वहिनी तिला दर डिसेंबरात चुना फासते आणि वर निळ्या रंगानं रेघा मारते. पंचवीस फुटांवर दगडांची ओळ पुरलेली आहे, तिथं पुढची चाकं टेकवायची. ती जमीन वहिनीनं पाण्याच्या नळीनं पातळी बघून स्वतः सपाट केली आहे. तिच्यावरून कुणाची बकरी गेली तर बकरीवाल्याला शिव्या बसतात.

एकदा शर्यतीची एक गाडी आली होती. वाळवंटातली मोठी शर्यत, सकाळी निघायचं आणि दुसऱ्या दिवशी पोहोचायचं. गाडी चकचकीत, पोरं मेहिकाली शहरातली, अंगात रग. पेट्रोलची टाकी मागच्या चाकांच्याही मागं आणि काठोकाठ भरलेली. वहिनीनं फर्मान काढलं, "शंभर लिटर काढून ठेवा."

"अहो मावशी, निघताना टाकी भरलेलीच असणार ना!"

"निघताना दिवे लावणार आहेस का?"

"नाही, तेव्हा उजाडलेलं असतं."

"मग उजेडात दिवे नीट असून काय करू, आरती ओवाळू? दिवस मावळेस्तोवर टाकी अर्धी रिकामी होईल, मागचा भाग वर येईल आणि तुझा झोत बंपरासमोर पडेल. काढ पेट्रोल."

त्यांनी काढलं. मग तिनं दोघांनाही शिरस्त्राण घालून सीटवर बसवलं, जास्तीची चाकं मागं बांधायला लावली, आणि तेव्हा कुठं स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. ती पोरं शर्यत जिंकली नाहीत. पण परत आली, आणि जाताना माझ्याकडं माचाकाचे सात बुरितो खाऊन गेली. वाळवलेलं मांस मी खरपूस परतते, ते चावायला दात लागतात.

आता ते मागचं सांगून टाकते.

चौदा वर्षांपूर्वी मी किनाऱ्यावरच्या सान किंतीनला राहायची. नवरा सोडून गेला. माझा भाऊ अन्सेल्मो, म्हणजे वहिनीचा नवरा, म्हणाला, "ओती, सामान घेऊन घरी ये." तो न्यायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी वहिनीनं त्याच्या पिकअपचे दिवे ह्याच भिंतीवर सरळ केले. तेव्हा भिंतीवर रेघा नव्हत्या, नुसत्या खडूच्या फुल्या. दिवे झकास बसले. गाडी रिकामी होती.

किनाऱ्यावर आम्ही माझा संसार तिच्यात भरला. शेगडी, लोखंडी पलंग, आणि तो फ्रिज, जुन्या काळचा, हत्तीएवढा. अन्सेल्मो म्हणाला होता की फ्रिज नंतर नेऊ. मी ऐकलं नाही. फ्रिज धरायला मी स्वतः मागं बसले. मागच्या स्प्रिंगचे पाटे दबले, गाडीचं नाक वर झालं आणि दिवे आभाळाकडं बघायला लागले. गावाच्या अलीकडं ओढ्याच्या काठानं रस्ता एकदम मुडपतो, त्या वळणाला आम्ही कोपर म्हणतो. मला मागून कॅक्टसचे शेंडे दिसत होते, लख्ख, काटा न् काटा. रस्ता काळा होता. अन्सेल्मोला कोपर दिसलंच नाही. माझं गळ्याचं हाड मोडलं. तो गेला.

त्यानंतर वहिनी चाळीस दिवस कुणाशी बोलली नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी तिनं चुन्याची बादली भिजवली. मी तिच्याच घरात राहिले, तिच्याच भिंतीला टेकून खाणावळ काढली. आम्ही रोज भांडलो. पण फ्रिजचं नाव आमच्यात कुणी काढलं नाही. आणि मी त्या दिवसापासून कुठल्या गाडीच्या मागच्या भागात बसले नाही. पुढं जागा नसेल तर मी चालत जाते.

आमच्या गावाची एक मदत-गाडी आहे. पिकअपच्या मागं टप बांधलेला, आत स्ट्रेचर, ऑक्सिजनची नळकांडी आणि नर्सबाईसाठी स्टूल. तेओ नावाचा तिशीतला पोरगा ती चालवतो. गेल्या वर्षी शर्यतीत एका अमेरिकन म्हाताऱ्याच्या नातवाचा पाय मोडला, तेव्हा ह्याच गाडीनं त्याला दवाखान्यात पोचवलं. म्हाताऱ्यानं उपकाराची फेड म्हणून दिव्यांची एक लांबलचक पट्टी पाठवली. चाळीस दिवे एका ओळीत. ती टपावर चढवली, गावात जेवणं झाली, आणि गावच्या कमिटीचे अध्यक्ष एवारिस्तो लोया यांनी पट्टीखाली उभं राहून फोटो काढून घेतला. एवारिस्तोचं पोट फोटोत मावलं नाही, पट्टी मावली.

वहिनीनं गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाली, "अंगापेक्षा बोंगा मोठा. ही पट्टी माणूस मारणार."

तिनं सभेत तीन गोष्टी मागितल्या. पट्टी टपावरून उतरवून बंपरवर आणायची, कारण टपावरचा उजेड आधी बॉनेटवर पडतो आणि चालवणाऱ्याच्याच डोळ्यात परततो. निम्म्या दिव्यांना पिवळी काच लावायची, कारण पांढरा उजेड धुळीत पडदा होऊन उभा राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेशंट आत असताना दिवे सरळ करायचे, गाडी रिकामी असताना नाही.

"लिब्राडा, अगं चाळीस दिवे आहेत!" एवारिस्तो म्हणाला. तो आणि वहिनी एका बाकावर शाळा शिकलेले. "मोजून चाळीस! लावले की दिवस उजाडतो."

"कुणाचा? घुबडांचा? तुझा दिवस कॅक्टसच्या शेंड्यावर उजाडतोय. रस्ता खाली आहे."

"दान आलेली वस्तू आहे. धर्माची गाय, आणि दात का नाय म्हणून विचारायचं?"

"दात नसते तर चाललं असतं रे. ही गाय डोळे फोडते."

लोक हसले, पण मतं पडली तेव्हा तिच्या बाजूनं सहा हात वर झाले आणि विरोधात एकतीस. माझा हात कुठंच नव्हता. तो माझ्या मांडीवर होता, आणि मी त्याच्याकडं बघत बसले होते.

घरी येताना ती म्हणाली, "तू हात वर केला नाहीस."

"वहिनी, मला त्यात ओढू नकोस."

"मी कशाला ओढू? तू चौदा वर्षं त्यातच बसलेली आहेस."

मला इतका राग आला की मी तिच्या वाटची कॉफी ओतून दिली. तिनं दुसरी करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एवारिस्तोच्या दारात. मी मागं गेले, ती काय दिवे लावते ते बघायला. ती म्हणाली, "आज तिन्हीसांजेला तू स्वतः गाडी चालव. पेशंट आणि नर्सच्या वजनाचे पाण्याचे पिंप मागं ठेव. पुढं पाण्याचा टँकर जाऊ दे, म्हणजे धूळ उडेल. मी कोपरावर उभी राहते, पांढरा एप्रन घालून. ताशी वीसनं ये. मी दिसले की हॉर्न वाजव. वेळेत वाजवलास तर मी ह्या पट्टीबद्दल जन्मात तोंड उघडणार नाही."

"जन्मात?" एवारिस्तोचे डोळे चमकले. "लिहून दे."

तिनं दिलं लिहून.

संध्याकाळी सगळं गाव कोपराच्या वरच्या चढावर जमलं. लोकांनी खुर्च्या आणल्या होत्या, भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या, जणू बैलझुंजच. वहिनी खाली वळणाच्या बरोबर टोकाला उभी राहिली, अन्सेल्मोच्या नावाचा लोखंडी क्रूस आहे त्याच्या शेजारी. एप्रन माझा होता, तिच्या घोट्यापर्यंत येत होता. टँकर गेला, धूळ वर आली. मागून एवारिस्तो आला.

काय तो उजेड! समोरची टेकडी अख्खी पेटल्यासारखी दिसली. चढावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. आणि वहिनी कुठं होती? वहिनी काळोखात होती. झोत तिच्या डोक्याच्या दोन हात वरून जात होता, आणि खाली जे काही उरलंसुरलं पडत होतं ते धुळीत अडकून पांढरी भिंत झालं होतं. हॉर्न वाजेना. गाडी चाळीस पावलांवर आली, तीसवर आली. मी ओरडले, "वहिनी, हो बाजूला!" माझा आवाज गावाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, पण ती हलली नाही. वीस पावलं. तिनं वाकून एक दगड उचलला आणि बॉनेटवर हाणला.

धाडकन आवाज झाला, गाडी सरकत सरकत थांबली. क्रूस आणि बंपर ह्यांच्यात मी नंतर मोजली तर चार पावलं होती.

एवारिस्तो उतरला. "बाजूला का नाही झालीस, बये?"

"झाले असते तर तू सभेत सांगितलं असतंस की सगळं स्वच्छ दिसत होतं."

त्यानं क्रूसाकडं पाहिलं, टोपी काढली, आणि मग म्हणाला, "उद्या सकाळी पट्टी उतरवतो."

"मी येतेच पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन," वहिनी म्हणाली. मी रडत होते. तिनं माझा एप्रन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "धुळीनं भरलाय, धुवून टाक."

पट्टी बंपरवर आली. निम्मे दिवे पिवळे झाले. मग गाडी भिंतीसमोर दगडांच्या ओळीवर उभी राहिली, तेओ चालवायला, नर्सबाई तिच्या स्टुलावर, ऑक्सिजनची नळकांडी भरलेली.

"पेशंट?" तेओनं विचारलं.

"गावातला सगळ्यात जड माणूस," वहिनी म्हणाली. सगळ्यांच्या नजरा आधी माझ्याकडं वळल्या, मेल्यांच्या! पण मागं चढायला मी नकार दिला, आणि वहिनीनं एकदाही आग्रह केला नाही. मग नजरा एवारिस्तोकडं वळल्या.

अध्यक्ष स्ट्रेचरवर आडवे झाले. स्ट्रेचर कण्हलं.

"डोळे मिटू का?" आतून आवाज आला.

"मीट. तोंडही मीट. बोललास की पोट हलतं आणि माझी रेघ हलते."

अर्धा तास ती स्क्रू फिरवत होती. केसभर खाली, केसभर वर. पुन्हा पुन्हा पावलं मोजत भिंतीशी जायची, बोटं लावून बघायची. झोताची वरची कड निळ्या रेघेच्या चार बोटं खाली आली तेव्हा ती थांबली. मी तिला विचारलं, "जडच माणूस का धरलास? पेशंट हलका असला तर?"

"तर गाडीचं नाक खाली येईल, उजेड जवळ पडेल. जवळचं दिसलं तर माणूस हळू जातो. हळू गेल्यानं कुणी मरत नाही."

ती चुकत होती. ते आम्हाला डिसेंबरात कळलं.

डिसेंबरात चुना फासायचे दिवस आले. वहिनीच्या पोटात दोन दिवस दुखत होतं. तिनं मला पत्ता लागू दिला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुझं माचाका पोटात जाऊन बसलंय, दगड झालाय." मी चिडून बोलणं सोडलं. तिसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला बादली पडल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तर ती भिंतीशी गुडघ्यात डोकं घालून बसलेली, हातात अजून कुंचला. अंग तव्यासारखं तापलेलं.

नर्सबाईनं पोट दाबून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "अपेंडिक्स. फुटायला आलंय, कदाचित फुटलंही असेल. दोन तासांत ऑपरेशनच्या टेबलावर पाहिजे."

साठ किलोमीटर कच्चा रस्ता, पुढं डांबरी. तेओनं गाडी काढली. वहिनीला स्ट्रेचरवर ठेवलं, तर त्यावर नुसती घडी घातलेली चादर ठेवल्यासारखी दिसली. मी पुढं तेओशेजारी बसले. दुसरीकडं कुठं बसणार? सूर्य डोंगराआड गेलाच होता. गावाबाहेर पडलो आणि पंधरा मिनिटांत काळोख झाला.

तेओ हळू चालवत होता. मी त्याच्या पायाकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. उजेड पिवळा, स्वच्छ, धुळीतही एकेक दगड दिसत होता. पण पंचवीस-तीस पावलांवर तो संपत होता, आणि पुढं काळंकुट्ट.

"अरे हाण ना जरा!" मी म्हणाले.

"कसा हाणू, ताई? दिसतंय तेवढ्यातच थांबता आलं पाहिजे. असंच गेलो तर डांबरीलाच दोन तास लागतील." त्याच्या कपाळावर घाम होता. त्या पोरानं आजवर शंभर माणसं नेली असतील, पण असा काचेला नाक लावून चालवताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं.

केबिनच्या पाठीमागं एक छोटी सरकती खिडकी आहे. तिच्यातून आवाज आला, बारीक, पण वहिनीचाच.

"तेओ. उजेड कुठं पडतोय?"

"जवळ पडतोय, मावशी. तुम्ही हलक्या आहात ना."

मग पुन्हा आवाज आला. "पुढं कोण बसलंय?"

"ओतीताई."

"तरीच. ती पुढं बसली की नाक अजून खाली. तिला मागं पाठव."

तेओनं माझ्याकडं बघितलं. गावात कुणाला माहीत नाही की मी मागं बसत नाही? त्यानं ब्रेक लावला.

मी उतरले. गाडीला वळसा घालून मागच्या दाराशी आले. आत छोटा दिवा होता, नर्सबाई होती, वहिनी होती. पत्र्याची जमीन होती आणि तिच्यावर माझ्या पायांना जागा होती. माझे हात दाराच्या कडीवर होते आणि ते तिथून सुटेनात. मला फ्रिजचा पांढरा पत्रा दिसत होता, आणि कॅक्टसचे शेंडे, काटा न् काटा.

"घाबरलीस?" वहिनीनं विचारलं.

"हो."

"मीही घाबरलेय. चढ."

मी चढले. नर्सबाईनं मला तिच्या शेजारी जागा केली, तशी वहिनी खेकसली, "तिथं नको! मागं. अजून मागं. दाराला पाठ टेकून बस. चाकांच्या मागं वजन पाहिजे." मी बुडावर सरकत सरकत दारापर्यंत गेले. तिचा ताप एकशे चार होता आणि ती मला पोत्यासारखी मांडत होती. "तेओ! आता?"

"चाललाय मावशी, वर चाललाय... शंभर पावलं... अजून जरा..."

"ओती, पाय आखडून घे."

मी पाय पोटाशी घेतले.

"बास! बास, मावशी! पार लांबपर्यंत गेला! पुढच्या चढावरचा दगड दिसतोय!"

"मग बघत काय बसलास? हाण."

त्यानं हाणली. मी एका हातानं टपाचा कठडा धरला. दुसऱ्यानं वहिनीचा पाय, कारण तेवढाच माझ्या हाताला लागत होता. थोड्या वेळानं गाडी उजवीकडं कलली, आणि मान वळवली तर मागच्या काचेतून अन्सेल्मोचा लोखंडी क्रूस लाल उजेडात आला आणि मागं गेला. आम्ही कोपरावरून वळलो होतो. तेओनं ते वळण लांबूनच पाहिलं होतं, वेग आधीच कमी केला होता, हिसका सुद्धा बसला नाही.

चौदा वर्षं तोंडात धरलेलं तेव्हा बाहेर पडलं. "वहिनी, तो म्हणाला होता फ्रिज नंतर नेऊ. मी ऐकलं नाही गं."

"माहीत आहे. त्यानं मला फोनवर सांगितलं होतं."

"तुला माहीत होतं? इतकी वर्षं?"

"फ्रिज तुझा होता. स्क्रू मी फिरवले होते. आणि नाक वर झालेलं कळूनही चालवत तो राहिला. तिघांनी मिळून केलं, ओती." तिनं दम घेतला. "आता रडू नकोस. हललीस की झोत हलतो."

मी हलले नाही. पाय बधिर झाले, कंबर गेली, नाक गळत होतं ते पुसलं नाही. डांबरी रस्ता लागेपर्यंत मी दाराला टेकून दगडासारखी बसून राहिले.

तिचं अपेंडिक्स टेबलावर फुटलं, वाटेत नाही. नवव्या दिवशी ती घरी आली, आणि टाके ओले असताना भिंतीशी गेली. मी कंबरेवर हात ठेवून शिव्या देत उभी राहिले, पण पालथ्या घड्यावर पाणी. तिनं निळ्या रेघांच्या बाजूला मदत-गाडीसाठी लाल रंगानं एक नवी खूण केली आणि तिच्याखाली लिहिलं, "पेशंट हलका असेल तर ओतीलियाला मागं बसवा. दाराला टेकून."

येणारेजाणारे ते वाचतात आणि माझ्याकडं बघून हसतात. हसू देत. गेल्या महिन्यात मला डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. मी ते वहिनीच्या कानावर घातलं, तर म्हणाली, "त्यांना विचार, मग गाडीचं नाक काय ते येऊन धरणार आहेत?" आणि माझ्या ताटात अजून एक टॉर्टिया टाकली.

त्या रात्रीनंतर मी अकरा वेळा गेले आहे. एक ताप चढलेलं लेकरू, दोन बाळंतिणी, विंचू चावलेला एक म्हातारा आणि अशीच बाकीची, सगळी हलकी माणसं. आता अंधार पडल्यावर तेओनं दारात हॉर्न वाजवला की मी तव्याखालचा जाळ बंद करते, एप्रन काढून खिळ्याला लावते, आणि जाऊन मागं बसते.